पातळ तेल

पोपटरावांची जुनी फियाट वर्षातून एकदाच केंदूरच्या बाहेर पडायची. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी यवतला दिलेल्या बहिणीला, साखरबाईंना, आणायला. मुऱ्हाळी म्हणून जायचं ते याच गाडीतून, असा त्यांचा नेम होता. बाकी वर्षभर गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली असायची. दसऱ्याला तिची पूजा व्हायची आणि पूजेच्या आधी इंजिनात नवं तेल पडायचं. नवं म्हणजे काय, तर ट्रॅक्टरसाठी आणलेल्या कॅनमधलं उरलेलं, काकवीसारखं जाड.

या दसऱ्याला मात्र ते सुनेला म्हणाले, "सुषमा, तू कंपनीत स्टोअर सांभाळतीस. औंदा तेल तूच निवड."

शिक्रापूरच्या दुकानदारानं दोन डबे काउंटरवर ठेवले. "हे जाड, हे पातळ. पातळ भारीतलं आहे, नव्या गाड्यांना लागतं." सासऱ्यांनी पहिल्यांदाच काही सोपवलेलं. सुषमानं भारीतला डबा उचलला. जुनं तेल काढून ते घातलं तेव्हा गाडी अशी अलगद सुरू झाली, की पोपटराव साऱ्या वस्तीला सांगत सुटले, "आमच्या सुनंनं गाडीला इमानात घालत्यात तसलं तेल घातलंय!"

त्याच संध्याकाळी ते नातीला, शर्वरीला, ओट्यावर बसवून शिकवत होते. "हात चोळ. जोरात. काय झालं?"

"गरम लागले."

त्यांनी तिच्या तळव्यावर गोडेतेलाचे चार थेंब टाकले. "आता चोळ. न्हाई ना तापत? इंजनात लोखंडावर लोखंड घासतं. तेल म्हंजी त्यांच्या मधली गादी."

"आन् गादीच पळून गेली तर, आबा?"

"तर लोखंड लोखंडाला चिकटतं. मग गाडी न्हाई, दगूड."

आत भाकरी थापणाऱ्या सुषमाचा हात थांबला. जेवणं झाल्यावर तिनं फोनवर शोधून वाचलं. वर्षभर नुसत्या उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीची रबरी सीलं आकसतात. जाड तेल त्या फटींतून सहसा निघत नाही, पातळ मात्र पाझरतं. तेल फार कमी झालं, की स्टिअरिंगच्या मागं लाल दिवा पेटतो. तेव्हा गाडी लगेच बंद करायची, नाही तर इंजिन जाम होतं.

आता मामांना सांगायचं कसं? त्यांनी तर साऱ्या वस्तीत कौतुक केलेलं. सुषमानं सांगितलं नाही. रोज कामावर जाण्याआधी ती शेडमध्ये वाकून गाडीखाली बघायची. जमीन कोरडी असायची. वर स्वच्छ वाळू पसरलेली. तेवढ्यापुरता तिचा जीव भांड्यात पडायचा.

भाऊबीजेच्या आदला दिवस आला. तिचा नवरा, सत्यजीत, सणालासुद्धा ड्युटीवर होता. म्हणून ती स्वतःच सासऱ्यांच्या शेजारी बसली, दिव्यावर नजर ठेवून. शर्वरी मागे. यवत येईपर्यंत दिवा काळाच राहिला. पण साखरबाईंनी जेवायला बसवलं, मग करंज्यांचा डबा बांधला, मग दुसरा बांधला, मग शेजारणीचा निरोप घेतला. गाडी निघाली तेव्हा उन्हं पार कलली होती.

राहूच्या पुढं रस्ता उसात शिरला. दोन्ही अंगांना डोक्यावरून गेलेला ऊस. त्या टापूत बिबट्याच्या भीतीनं पोरांना अंगणातही एकटं सोडत नव्हते. शिरूरकडच्या काही गावांत तर बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जायला लागल्या होत्या.

"दादा, काच वर घे रं," साखरबाई म्हणाल्या.

"अगं साखर, तुझ्या बडबडीला भिऊनच त्यो लांब पळंल."

सगळे हसले. आणि वळणावर लाल दिवा लुकलुकला.

सुषमा पुढं वाकली. रस्ता सरळ झाला, दिवा विझला. भास असेल. पुढच्या वळणावर तो पुन्हा पेटला, आधीपेक्षा जरा जास्त वेळ. तिनं चोरून सासऱ्यांकडं पाहिलं. ते समोर बघत होते, ओठ घट्ट मिटलेले. बोलावं तर गाडी इथं थांबणार, या उसात, मागं लेक आणि म्हातारी आत्या. न बोलावं तर पुढं कुठंतरी ती कायमची थांबणार, आणि तोवर पुरता अंधार. भीमेचा पूल गाठला की वस्ती आहे, तिथवर जाईल, तिनं मनाशी म्हटलं. पण दिवा आता विझेचना. इंजिनातून बारीक टकटक यायला लागली.

"आबा, गादी वाजती का?" शर्वरीनं विचारलं.

"मामा, गाडी बंद करा!" सुषमा ओरडलीच.

पोपटरावांनी लगेच चावी फिरवली. गाडी कडेला जाऊन थांबली. मग फक्त उसाच्या पाल्याची सळसळ.

"माझंच चुकलं, मामा. तेल पातळ निघालं. गळालं असंल सगळं."

 पोपटराव हळूच म्हणाले, "डिकीत जाड तेलाचा कॅन हाय."

"तुम्ही आणलाय?"

"पैला तेल घालू. मी उतरतो."

"तुम्ही हॉर्न वाजवत राहा. मी निवडलंय, मीच घालते."

दार उघडून तिनं पाय रस्त्यावर टाकला. हॉर्न वाजायला लागला. साखरबाई आतून टाळ्या पिटत होत्या, "हाड! हाड!" डिकी गंजलेली, पहिल्या झटक्याला उघडली नाही. पाठ उसाकडं करावी लागत होती. तिला वाटलं, मानेवर कुणाचा तरी श्वास लागतोय. दुसऱ्या झटक्याला डिकी उघडली. कॅन छातीशी धरून ती पुढं धावली. बॉनेट उचललं, तेल मोजायची पट्टी ओढून मोबाईलच्या उजेडात धरली. तेल टोकालाही लागलेलं नव्हतं.

ती ओतायला लागली. पण जाड तेल घाई ओळखत नाही. धार संथ, काकवीसारखी, उतरत राहिली. अर्धं तेल बाहेर सांडत होतं. इतक्यात उसात, अगदी जवळ, काहीतरी मोडलं. जड पावलाखाली मोडतं तसं. हॉर्न क्षणभर थांबला.

"वाजवा, मामा! वाजवा!"

हॉर्न पुन्हा सुरू झाला. पाला एका बाजूनं दुसरीकडं हलत गेला आणि थांबला. डुक्कर असेल, कुत्रं असेल. तिनं तिकडं पाहिलं नाही. धारेकडंच बघत राहिली. पट्टी पुसली, घातली, काढली. आता तेल वरच्या खुणेजवळ होतं. बॉनेट आपटून ती आत आली, दार ओढून घेतलं. शर्वरीनं मागून तिच्या गळ्याला मिठी मारली.

चावी फिरली. दिवा पेटला.  इंजिन घुरघुरलं आणि लाल डोळा विझला. टकटकही हळूहळू थांबली.

भीमेच्या पुलावर आल्यावर सुषमानं विचारलं, "कॅन कवा ठेवला, मामा?"

"काल. दसऱ्यापासनं रोज खाली डाग पडायचा. पहाटं उठून मी वाळू पसरायचो. कमी हुईल तसं वरनं घालत ऱ्हायलो, कालबी घातलं. म्हटलं, तुला दिसलं तर मन खट्टू हुईल."

"आन् मी रोज ती वाळू बघून म्हणायची, गळत न्हाई."

"दिवा मलाबी दिसला होता," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पैल्याच वळणाला. म्हटलं, तुला दिसला नसंल. पुलापतुर जाईल."

"लाज वाटत न्हाई दोघांना?" साखरबाई मागून कडाडल्या. "एकमेकांची मनं राखता राखता पोरीला वाघाच्या तोंडी दिली असती!"

 पूल संपला आणि पुन्हा ऊस सुरू झाला. सुषमाचे हात तेलानं माखलेले. तिनं दिव्यावरची नजर काढली नाही.

"दिवा बंद हाय, मामा," ती मोठ्यानं म्हणाली.

"बंद हाय," पोपटराव म्हणाले.

पुढच्या वळणावर पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. केंदूर येईपर्यंत दोघं एकमेकांना आळीपाळीनं सांगत राहिले.