एकवीस पिशव्या

एक पाकीट बंद झालं की श्रुतिकाची खोली वीतभर आखडायची. बुधवारी शेंगदाण्याच्या चटणीचं पहिलं पाकीट झालं, तेव्हा कमलश्रीला वाटलं, कपाटच पुढं आलंय. मेतकुटानंतर पलंग तिरका लावावा लागला. हवा काढायचं यंत्र चांगलं होतं, जावेकडून आणलेलं. दोष पिशव्यांचा. चांगल्या पिशव्या परवडेनात, म्हणून तिनं मिरजेच्या मार्केटात तांबोळींकडून निम्म्या भावाच्या आणल्या होत्या. आता निम्म्या भावाची पिशवी नुसत्या हवेवर कशाला भागवेल? ती घरातली जागाही ओढून घ्यायची.

श्रुतिका रविवारी सकाळी जर्मनीला निघणार होती, दोन वर्षांसाठी. पोरीचे तिकडं खायचे हाल होतील म्हणून कमलश्री थांबेना. शेंगापोळ्या, कडक भाकरी, तिखट, मसाला. एकवीस पाकिटं झाली. शनिवारी दुपारी खोलीत पलंग तेवढा मावत होता आणि त्यावर श्रुतिका गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"आई, परत आल्यावर मी झोपू कुठं?"

पोरीनं परत यावं, याखेरीज कमलश्रीला काहीच नको होतं. ती तशीच चप्पल घालून मार्केटात गेली.

"एकवीस केली व्हय?" तांबोळींनी चष्मा कपाळावर सरकवला. "तरीच. काय अवघड न्हाई, मावशी. पाकिटं फोडा, माल डब्यात भरा. पिशव्या धुऊन मला रिकाम्या आणून द्या. जेवढ्या रिकाम्या येतील, तेवढी वीत जागा परत."

"उद्या रविवारी दुकान असतंय ना?"

"सातला उघडतो. रिकाम्या आणा बरं का."

"डब्यात दोन वर्षं टिकंल का हो सगळं?"

"महिनाभर टिकंल. पुढं पोरगी शिकंल की करायला."

घरी येऊन तिनं एकवीस पाकिटं फोडली. जीव तुटत होता, पण फोडली. पिशव्या धुतल्या आणि दोरीवर वाळत घातल्या. सकाळी सहाला काढून त्यांच्या घड्या घातल्या आणि तिथं तिचा हात अडला. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे तिला आईनं शिकवलं होतं, आईला आजीनं. हात साखरेच्या डब्यात गेला, तो काही तिला विचारून गेला नाही. पिशवीत चिमूटभर साखर टाकायची, वाटेत सांडू नये म्हणून यंत्रावर तोंड बंद करायचं, असं तिनं एकवीस वेळा केलं. सवयीच्या कामात माणूस मान वर करत नाही.

"श्रुतिका, मी तांबोळींकडं जाते गं."

"जाते म्हणू नये, आई."

आवाज भिंतीतून आला. खोलीच्या जागी भिंतच होती, आणि भिंतीला पिशवीच्या तोंडाएवढी फट. फटीतून श्रुतिकाचा हात मनगटापर्यंत बाहेर आला होता, तळवा वर करून.

"दही घाल ना हातावर. गाडीची वेळ झाली."

कमलश्रीनं विरजणाचं भांडं आणलं. चमचाभर दही तळव्यावर घातलं. बोटं मिटली, हात आत गेला.

"येते," आतून श्रुतिका म्हणाली.

फटीच्या कडेला दह्याचा ठिपका राहिला होता. कमलश्री पदर हातात धरून त्याच्यापुढं उभी होती, आणि तिला तो पुसवत नव्हता.