मंगळवारच्या फेरीचा डोंगा

मित्रांनो, पवनीच्या घाटावर कधी आलात, तर पायऱ्यांच्या उजव्या अंगाला चिंचेखाली एक काळपट लाकूड पालथं पडलेलं दिसेल. शेळ्या त्यावर चढून चिंचेचा पाला खातात, बायका त्यावर ओली लुगडी वाळत घालतात. ते लाकूड म्हणजे मी. मी एक जुना डोंगा आहे. एके काळी वैनगंगेच्या पाण्यावर माझा काय रुबाब होता, हे आज शेळ्यांना सांगून पटत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

मी मोहाच्या झाडातून निघालो. वादळात पडलेलं एक जुनं झाड डोमा ढिवराने, म्हणजे आमच्याकडच्या कोळ्याने, घाटावर आणलं आणि उन्हाळाभर कुऱ्हाडीने, वाकसाने तासून आतून पोकळ केलं. खोड एवढं लांब होतं की एकाचे दोन डोंगे झाले. एक मी आणि दुसरा माझा भाऊ. एकटा डोंगा पाण्यात फार डगमगतो. त्यात कुणी शिंकलं तरी बाकीच्यांचा जीव वर-खाली होतो. म्हणून माणसं पलीकडे न्यायची असली की दोन डोंगे शेजारी ठेवून वर बांबू आडवे टाकायचे आणि दोराने आवळून बांधायचे, अशी आमच्या घाटाची रीत होती. मग त्यावर सायकली जायच्या, बकऱ्या जायच्या, एकदा तर अख्खा बँडबाजा गेला. ढोलवाला इतका घाबरला होता, की पलीकडे पोचेपर्यंत त्याने ढोलाला मिठीच मारली होती.

डोमा गेल्यावर त्याची दोन मुलं आम्हाला चालवू लागली. थोरला मुरारी माझ्यात उभा राहायचा, धाकटा बुधराम माझ्या भावात. दोघांत बारा वर्षांचं अंतर होतं. मुरारीची बायको बायाबाई लग्न होऊन आली, तेव्हा बुधराम सहा वर्षांचा होता. तिनेच त्याला न्हाऊ-माखू घातलं, वाढवलं.

मुरारी मनाचा फार चांगला, पण राग त्याच्या नाकावर नव्हे, हातातल्या वल्ह्यावर बसलेला असायचा. वारा उलटा आला तर वाऱ्यावर चिडायचा. जाळ्यात कासव आलं तर कासवाला आई-बापावरून बोलायचा. मला मात्र त्याचा राग इतरांच्या आधी कळायचा. मित्रांनो, डोंग्यात बसलेल्या माणसाचा श्वास डोंग्याला कळतो. छाती भरली की तो कणभर इकडे कलतो, रिकामी झाली की कणभर तिकडे. मुरारीच्या रागाचा श्वास आखूड आणि जड होता.

दर मंगळवारी आमच्या पहिल्या फेरीला निर्मलाबाई यायच्या. त्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई. लसीची पेटी मांडीवर घेऊन पलीकडच्या गावांना जायच्या. गावाजवळच्या टेकडीवर खोदकाम झालं आणि जुन्या स्तूपाचे दगड निघाले, तेव्हा फुलं घेऊन गेलेल्या बौद्ध वस्तीतल्या त्या. काही उतारू त्यांच्यापासून अंग चोरून बसायचे. पोराला टोचून घेताना तेच त्यांना हात जोडायचे, हेही मी पाहिलं आहे. बाई कुणाला काही बोलायच्या नाहीत. ताठ बसून डोळे मिटायच्या आणि पलीकडचा काठ लागला की उघडायच्या. त्यांना पाण्याची भीती वाटते, असं मुरारीचं ठाम मत होतं. मला खरं माहीत होतं. त्यांच्याइतका संथ श्वास माझ्यावर कधी कुणी घेतला नाही.

मग अठ्ठ्याहत्तर सालचा तो बाजारचा दिवस आला. भय्याजी शिंप्याचं शिलाई मशीन आम्ही पलीकडे नेत होतो. मधल्या धारेत एक दोर सुटला, बांबू सरकले आणि मशीन बुडालं. माणसं वाचली. बुधरामने तीनदा बुडी मारून मशीनही वर काढलं. पण घाटाला लागताच मुरारीने डोक्यात राख घालून घेतली. सगळ्यांच्या देखत तो बुधरामला वाटेल तसं बोलला.

बुधराम ओलाचिंब उभा होता. तो एवढंच म्हणाला, "दादा, तो दोर तू बांधला होता."

खरं होतं ते. सुटलेली गाठ माझ्या बाजूची होती. सकाळी कुणाशी तरी भांडता भांडता मुरारीने ती घाईत मारली होती. पण चार लोकांत खरं ऐकलं आणि मुरारीचं वल्हं वर गेलं. बुधरामने आडवा हात धरला. त्याच्या मनगटाचा आवाज मी ऐकला. तो आवाज मला अजून विसरता आलेला नाही.

निर्मलाबाईंनी बांबूच्या कामट्या लावून हात बांधला आणि भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं. बुधराम गेला नाही. त्याच सांजेला त्याने माझ्या भावाला माझ्यापासून सोडवलं आणि एका हाताने वल्हवत खालच्या वळणावरच्या घाटाला निघून गेला. तो गेल्यावर मुरारी माझ्यात येऊन बसला, माझ्या काठाला लोंबणारा तो दोर हातात घेऊन किती तरी वेळ बघत राहिला. त्याला कळलं होतं. पण त्याने ते कुणाला सांगितलं नाही, बायाबाईलासुद्धा नाही.

बायाबाई रडली नाही. "काठी मारल्यानं पाणी दुभंगत नाही," असं ती शेजारणींना सांगायची. पण खालच्या घाटाकडे जाणारं कुणी दिसलं की त्याच्या हाती बुधरामसाठी डबा द्यायची. डबा धुऊन परत यायचा, निरोप मात्र यायचा नाही. एक दिवस ती मुरारीला म्हणाली, "त्याचा हात वाकडाच जुळला म्हणतेत. एकट्यानं जाळं नाही ओढता येत त्याले. तुम्ही त्याले घरी आणा, नाही तर मले त्याच्याकडे पाठवा. मी त्याले पोटच्या पोरासारखा वाढवला." मुरारी खालच्या घाटाकडे तीनदा निघाला आणि तिन्ही वेळा त्याने मला अर्ध्यातून वळवलं. लोक हसतील, बुधराम बोलेल, मग आपला हात पुन्हा उठेल, ही भीती त्याच्या पोटात होती. स्वतःच्याच हाताची भीती वाटणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

एकटा मी डगमगायचो, म्हणून उतारू कमी झाले. मंगळवारी कधी कधी एकट्या निर्मलाबाईच असायच्या. त्यांनी मुरारीला एका शब्दाने दोष दिला नाही. शेवटी त्यालाच राहवेना.

"बाई, तुम्ही दर खेपेले डोळे मिटून काय करून राहिल्या?"

"श्वास पाहून राहिली, मुरारीभाऊ. नाशिककडे दहा दिवस ध्यान शिकायला गेली होती. पहिले मले बी लय राग येत होता."

"तुमाले?"

"मंग! दवाखान्यात कुणी ओरडलं की पेटी फेकून मारावी वाटे. आता राग आला की आला, हे लवकर समजते. समजलं की तो थोडा ढिला होते. तुम्ही बी पाहा. श्वासावर ध्यान ठेवा, बस."

मुरारी मान हलवून हसला. मला त्याच्या मनातलं लगेच कळलं. जाळं तळाला अडकलं की बुडी मारून सोडवणारा तो माणूस. श्वासाचा खेळ त्याला काय शिकवायचा! दुसऱ्या मंगळवारी त्याने बाईंसमोर मांडी घातली, छाती भरून घेतली आणि श्वास कोंडला. त्याचा चेहरा लाल झाला, मग जांभळा झाला, डोळे बाहेर आले. मी धारेला लागून गोल फिरायला लागलो. बाईंनी डोळे उघडले आणि घाबरून त्याच्या पाठीवर थाप मारली.

"अहो, काहून श्वास कोंडला?"

मुरारी धापा टाकत म्हणाला, "किती वेळ झाला ते सांगा पहिले. या घाटावर माह्यापेक्षा जास्त पाण्याखाली कोणी नाही राहत."

त्या दिवशी निर्मलाबाई इतक्या हसल्या की लसीची पेटी पडता पडता राहिली. मग डोळे पुसून म्हणाल्या, "जाळं टाकल्यावर तुम्ही पाणी ढवळता का? गुपचूप पाहता ना? तसंच पाहायचं. येऊन राहिला तर येऊन राहिला, जाऊन राहिला तर जाऊन राहिला. धरायचा नाही."

"अन् मी मासे मारतो, मले हे चालते का?"

"तुमच्या पोटाचा हिशोब मी कशी करू? राग कोणाच्याच पोटाले लागत नाही, तो तर पाहा."

मुरारी शिकू लागला. डोळे मिटायचं काम नव्हतं, नाही तर आम्ही दोघं वाहत वाहत थेट खालच्या गोसीखुर्दला पोचलो असतो. वल्हं पाण्यात घालताना श्वास आत, ओढताना बाहेर, एवढंच. कधी दहा श्वास जमायचे, कधी दोनच, आणि मग तो न जमल्यावरच चिडायचा. बाई म्हणायच्या, "चिडलो, हे बी पाहा." काठ लागला की एकेकाचं नाव घेऊन त्याचं भलं होवो असं मनात म्हणायचं, हेही त्यांनी सांगितलं होतं. मुरारी ते मोठ्याने म्हणायचा. त्याने बायाबाईचं नाव घेतलं, भय्याजी शिंप्याचं घेतलं, लाजत लाजत माझंही घेतलं. बुधरामचं नाव यायची वेळ आली की तो दोर बांधायला उतरायचा. असे किती मंगळवार गेले ते मी मोजले नाहीत. मग एकदा, पाऊसकाळ संपल्यावर, उतरता उतरता तो थांबला आणि म्हणाला, "बुधरामचं भलं होवो." बाईंनी ऐकलं नाही असं दाखवलं.

त्यानंतर दोन दिवसांनी, दुपारच्या उन्हात, त्याने मला खालच्या घाटाकडे वळवलं. या वेळी अर्ध्यातून परत फिरवलं नाही.

घाटावर पाच-सात ढिवर जाळी वाळवत होते. माझा भाऊही काठाला उभा होता. बुधरामने आम्हाला पाहिलं आणि तिथूनच ओरडला, "कायले आला? दुसरा हात मोडायले?"

लोक हसले. मुरारीची मूठ वल्ह्यावर आवळली. तोच आखूड, जड श्वास. मित्रांनो, माझ्या अंगातलं लाकूड न् लाकूड घट्ट झालं. मग माझ्या तळाला आणखी एक श्वास जाणवला. तो तापलेला होता, पण लांब होता. मग दुसरा. तिसरा अर्ध्यातच तुटला. चौथा पुरा झाला. पाचव्याला मुरारीने वल्हं माझ्या पोटात आडवं ठेवून दिलं आणि रिकाम्या हाताने पाण्यात उतरला.

सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "दोर मीच बांधला होता. गाठ माहीच ढिली होती. त्याच सांजेले मले समजलं होतं, पण मी बोललो नाही."

हसणारे आपापल्या जाळ्यांकडे वळले.

"हात दाखव," मुरारी म्हणाला.

"दुखत नाही आता."

"मले दुखते."

बुधरामने तो वाकडा हात पुढे केला. मुरारीने तो दोन्ही हातांत धरला आणि भर दुपारी, सगळ्या घाटादेखत, लहान पोरासारखा रडला. बुधराम म्हणाला, "वहिनीनं आज काय रांधलं?"

आमची दोघांची जोडी पुन्हा बांधली गेली नाही. खालचा घाट बुधरामला मानवला होता, तो तिथेच राहिला. पण जेवायला घरी यायचा. मुरारीचा राग गेला, असंही नाही. तो येतच राहिला, फक्त वल्ह्यापर्यंत पोचेनासा झाला. पुढे निर्मलाबाईंची बदली तुमसरला झाली. त्या दिवशी मुरारीने त्यांना पलीकडे सोडलं आणि माघारी येताना एकटाच त्यांचं नाव घेऊन भलं होवो म्हणाला. मग पलीकडच्या गावांना एस.टी. सुरू झाली, माझ्या तळाला भेग पडली, आणि मी चिंचेखाली आलो. मुरारी अजून संध्याकाळी माझ्या पाठीवर येऊन बसतो. त्याचा श्वास मी अजून ओळखतो.

मित्रांनो, मला डांबर लावा, सावलीत ठेवा, असं मी मागत नाही. माझं झालं. मला एवढंच सांगायचं आहे, की ती गाठ कुणाची होती हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. घाटावर ओरडून सांगावं असं किती वाटलं! पण मी पडलो लाकडाचा. माझं बोलणं फक्त गोष्टीत ऐकू येतं. तुमचं बोलणं घरात ऐकू येतं. तेव्हा राग आला तर पाच श्वास थांबा, आणि चूक आपली असेल तर मात्र एकही श्वास थांबू नका.