कॉलरमध्ये कापलेला नियम

"मॅडम, तुम्ही लोकांच्या घरी तपासणीला जाता तेव्हा फ्रिजसुद्धा उघडता का?"

प्रश्न मी विचारला, पण पैज माझ्या बाकावरच्या मैत्रिणीची, फटाकडीची होती. विचारलास तर खिडकीजवळची जागा आठवडाभर तुझी, असं ती म्हणाली होती. मागच्या वर्षीपर्यंत मी असलं काही करणं शक्यच नव्हतं. मागच्या वर्षीपर्यंत मी शाळेतच नव्हते! मी घरी शिकले, आईच्या कटिंगच्या टेबलावर. आई शिवणकाम करते. अपूर्णांक मी टेपवर शिकले आणि भूमिती बाहीच्या गोलाईत. यंदा मीच हट्ट करून नववीत आले आणि आता वर्गात माझं तोंड बंद करायला बाईंना डस्टर आपटावा लागतो.

तपासणीच्या मॅडम आमची प्रयोगशाळा बघायला आल्या होत्या. नव्या कायद्यानुसार घरी शिकणाऱ्या मुलांकडेही त्याच जातात, असं त्यांनीच बोलता बोलता सांगितलं होतं. त्यांनी चष्मा काढला.

"फ्रिज उघडत नाही. कुणी थंड पाणी दिलं तर पिते."

वर्ग खिदळला. फटाकडीने जागा सोडायची तयारी सुरू केली. पण मी खाली बसलेच नाही. खरा प्रश्न पुढेच होता.

आमच्या घरी गेले आठ दिवस सुतक असल्यासारखं होतं. माझी धाकटी बहीण, भुंगा, अजून घरीच शिकते. (गणित करताना गुणगुणते, म्हणून भुंगा.) गुरुवारी तिची तपासणी, असं सरकारी पत्र आलं होतं. 'पाल्याच्या शिक्षणाच्या नोंदी दाखवाव्यात.' आईने ते वाचलं आणि मशीनवरून उठलीच.

"नोंदी म्हणजे ही वही. वही मी मेले तरी देणार नाही. त्यापेक्षा सोमवारपासून भुंगा शाळेत!"

भुंगा टेबलाखाली शिरली ती जेवायलाच बाहेर आली. तिला शाळा नको होती. मला हवी होती, तिला नको, इतकं साधं आहे ते.

आता ती वही. आमच्या घरात एकच वही असते, जाडजूड, लाल पाठीची. डाव्या पानावर गिऱ्हाइकांची मापं, उजव्या पानावर आमचा अभ्यास. आईला दोन वह्या सांभाळणं जमत नाही. शिवाय अभ्यासासोबत ती सगळंच लिहिते: कोण रडलं, कुणाला ताप आला, बाबांचं काम सुटलं तेव्हा घरात कोण कुणाशी बोलत नव्हतं. आणि मापांच्या बाबतीत आई एकदम कडक. "गिऱ्हाइकाची कंबर शिवणारीच्या पोटात राहते," म्हणते. शेजारच्या काकूंनी त्यांच्याच सुनेचं माप विचारलं, तर आईने त्यांना चहा पाजला आणि माप काही दिलं नाही.

म्हणून मी वर्गात विचारलं, "आणि एखाद्या घरी रोजची वही असेल, त्यात घरातलं सगळं लिहिलेलं असेल, तर ती पूर्ण द्यावी लागते?"

"त्या घराने पत्राचं दुसरं पान वाचलं नाही वाटतं," मॅडम म्हणाल्या. "कामाचे पाच नमुने दाखवायचे. कुठले, ते घरच्यांनीच निवडायचे. रोजची वही मागायचा मला हक्कच नाही."

"मग येता तरी कशाला?" हे मात्र माझ्या तोंडून निसटलं. बाईंनी कपाळाला हात लावला.

मॅडम रागावल्या नाहीत. "मुलाला भेटायला. अर्धा तास, दार उघडं, आईवडील शेजारच्या खोलीत. तू कशी आहेस, हे घराबाहेरच्या एका तरी माणसाने वर्षातून एकदा विचारायला हवं ना? बहुतेक घरांत काही नसतं. एखाद्या घरात असतं."

मला ते पटलं, खोटं कशाला सांगू.

शाळा सुटल्यावर मी घरी चालत गेलेच नाही, पळत गेले.

"आई, दुसरं पान कुठंय?"

"कसलं दुसरं? एकच होतं."

"दोन होती," बाबा म्हणाले. ते लिफ्ट दुरुस्त करतात. त्या दिवशी लवकर आले होते. "पाकीट मीच फोडलं. दोन्ही टेबलावर ठेवली."

टेबलावर! आम्ही सगळ्यांनी एकदम भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिलं. तिथे आईची पेपर कटिंग, म्हणजे कपडे बेतायचे कागदी साचे, टांगलेली असतात. आमच्या घरात जाड कागद टेबलावर राहिला, तर त्याचं आयुष्य तासाभराचं. विजेच्या बिलाची बाही झालेली आहे. माझा जन्माचा दाखला थोडक्यात वाचला.

बाही, खांदा, खिसा, योक... आणि भुंग्याने एक अर्धगोल कॉलर ओढून काढली. तिच्यावर छापील अक्षरं होती.

"छान जाड कागद होता गं," आई पुटपुटली.

"तू सरकार कापलंस!" बाबा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. टेबलावर ठेवायची अक्कल कुणाची?"

उरलेला तुकडा चिंध्यांच्या पोत्यात सापडला. भुंग्याने दोन्ही जमिनीवर जुळवले आणि ओळीखाली बोट ठेवून मोठ्याने वाचलं, अडखळत, पण एकही अक्षर न सोडता: "'नमुने पालक व पाल्य यांनी निवडावेत. खासगी रोजनिशी... मागता येणार नाही.'"

आई कापडाच्या गठ्ठ्यावर मटकन बसली. हसत होती की रडत होती, तिलाच ठाऊक. "आठ दिवस माझ्या घशाखाली घास उतरत नाही, आणि उत्तर इथे कॉलर होऊन लटकतंय!" मग तिने भुंग्याला इतकं घट्ट धरलं की तिला ओरडावं लागलं, "आई, पिन टोचतेय!"

भुंगा लगेच नमुने निवडायला बसली. बाहुलीच्या फ्रॉकचं कटिंग पहिलं. आई पुन्हा मशीनवर बसली. बाबा नुसतेच शीळ घालत होते. घर पुन्हा आमचं घर झालं होतं.

वही टेबलावर उघडीच पडली होती. मी चाळली. एका उजव्या पानावर माझंच नाव. 'आज पुन्हा रडली. नऊ वर्षांची झाली, अजून वाचता येत नाही.' हे पान आईने मावशीला फोनवर वाचून दाखवलं होतं, अगदी कौतुकाने, बघ आता कशी धडाधड वाचते म्हणून. मी दाराआड उभी होते. शाळेत हे कुणाला माहीत नाही.

"आई, बाबा, ऐका. मी एक ठरवलंय."

मशीन थांबलं. शीळही थांबली.

"गिऱ्हाइकाची कंबर तू कुणाला सांगत नाहीस. मग माझं रडणंही मला विचारल्याशिवाय कुणाला वाचून दाखवायचं नाही. मावशीलासुद्धा नाही. यातली माझी पानं माझी, मी काढून घेणार."

आईचा चेहरा पडला. मग तिने वहीकडे पाहिलं आणि दचकली. "अगं, फाडू नकोस! मागच्या बाजूला मापं आहेत!"

"बरं, फाडत नाही. माझ्या वहीत उतरवून घेते, माझ्या अक्षरात. काय ठेवायचं, काय गाळायचं, ते मी बघेन. आणि मी नऊ वर्षांपर्यंत वाचत नव्हते, हे फटाकडीला उद्या सांगणार आहे. मी स्वतः."