भिंगरी गुल

मित्रांनो, मी एक जुनी मंत्रवही आहे. खरं तर माझा जन्म कपड्यांची मापं लिहिण्यासाठी झाला. माझ्या पहिल्या दहा पानांवर अजूनही छाती, कंबर, बाही यांचे आकडे आहेत. पुढे शिवणकाम करणाऱ्या मावशीने मला खेळासाठी घेतलं. दर सुट्टीच्या दुपारी दुकानामागच्या खोलीत ती, पोस्टमन आणि दातांचे डॉक्टर फासे टाकत, कल्पनेतल्या राक्षसांशी लढत आणि नवनवे मंत्र माझ्यात लिहीत.

मंत्राला नाव द्यायचं तर एक नाणं टाकायचं, असा त्यांचा गमतीचा नियम होता. "लोक फुकट नावं ठेवतात, तू पैसे घेतेस!" पोस्टमन मावशीला म्हणायचा. शत्रूला जागीच थिजवणाऱ्या मंत्राला डॉक्टरांनी 'आ करा' हे नाव विकत घेतलं, तेव्हा सगळे पोट धरून हसले. तेव्हा माझा फार मान होता.

एका दुपारी मावशीची सात वर्षांची भाची भिंगरी स्वतःचं नाणं घेऊन आली. अदृश्य करणाऱ्या मंत्राला तिने नाव दिलं, 'भिंगरी गुल'.

"खरंच चालेल ना?" तिने विचारलं.

"पैसे घेतलेत, चालणारच!" पोस्टमन म्हणाला.

थोड्या वेळाने मोठी माणसं पुढे दुकानात गेली. भिंगरीने मला उचललं, कोपऱ्यातल्या चिंध्यांच्या पेटाऱ्यात ती शिरली, मंत्र पुटपुटली आणि झाकण ओढून घेतलं. बाहेरची कडी आपोआप पडली. तो 'खट्' आवाज आठवला की अजून माझी पानं थरथरतात.

आधी ती खुदकन हसली. मग तिने झाकण ढकललं. ते हललं नाही. तिने हाका मारल्या, पण चिंध्यांनी आवाज गिळला आणि पुढे शिलाई मशीन धडधडत होतं. मग ते थांबलं. "भिंगरी? अगं, कुठे आहेस?" पावलं जवळ आली, अगदी जवळ, आणि तशीच रस्त्याकडे धावत गेली.

भिंगरीने हाका मारणं सोडलं. "मी खरंच गुल झाले," मला छातीशी धरून ती कुजबुजली. "आता मी कुणालाच दिसणार नाही. परत यायचा मंत्र तर लिहिलाच नाही."

हवा तापत चालली होती. तिचं काळीज माझ्या पुठ्ठ्यावर धडधडत होतं. ती कुठे आहे हे एकट्या मला ठाऊक होतं, आणि मला तोंड नव्हतं.

तेवढ्यात तिचा हात मला दोरीने बांधलेल्या पेन्सिलीवर पडला. अंधारात चाचपडत तिने लिहिलं, 'भिंगरी परत'. पान टर्रकन फाडलं आणि झाकणाच्या फटीतून बाहेर सारलं. आयुष्यात पहिल्यांदाच पान फाटल्याचं मला बरं वाटलं.

मावशी फोन घ्यायला आत आली होती. "अगं बाई!" फटीतून आलेलं पान पाहून ती ओरडली आणि तिने कडी उघडली.

घामाने निथळणारी भिंगरी डोळे किलकिले करून म्हणाली, "मावशी, मी दिसते का?"

"दिसतेस गं बाळा, दिसतेस!" मावशी तिला कवटाळून रडू लागली. पोस्टमन पाणी घेऊन धावत आला. डॉक्टरांनी स्क्रूड्रायव्हर आणला आणि कडी उखडून टाकली.

त्यानंतर खेळ थांबला. आता मी फळीवर धूळ खात पडून असते. मित्रांनो, माझी चार पानं तिच्या घामाने चिकटली आहेत, ती ओढून सोडवू नका. आणि तुमच्या घरी झाकणाची मोठी पेटी असेल, तर तिची कडी आजच काढायला सांगा. उद्यावर ढकलू नका.