उजव्या बाजूचा सायलेन्सर

"गाडी आहे की दम लागलेली म्हैस? फाटकापर्यंत जाताना दोनदा बसली," बेबे भुशात हात घालता घालता पुटपुटली. "जसा बाप, तसा आहेर."

भुसा काढायला तिने मला ढकलले. मी गडगडत खाली आलो. तिच्या सुनेने, वीरपालने, मला उचलून पुन्हा प्लास्टिकवर ठेवले.

मित्रांनो, मी एका मोटारसायकलचा जुना सायलेन्सर आहे. मानसा शहराजवळच्या एका गावात, वीरपालच्या नवऱ्याच्या, जगसीरच्या, अंगणातल्या भुशाच्या ढिगावर मी पडून असतो. वाऱ्याने प्लास्टिक उडू नये, एवढेच आता माझे काम.

पूर्वी असे नव्हते. दूर मद्रासकडच्या कारखान्यात पत्रा गुंडाळून मला घडवले, पोटात जाळ्या बसवल्या, वरून चकचकीत मुलामा दिला. इंजिनाचा सगळा आरडाओरडा पोटात घ्यायचा आणि बाहेर फक्त संथ धडधड सोडायची, ही माझी नोकरी. मी जेवढी वाट द्यायचो तेवढाच धूर इंजिन सोडायचे, आणि त्याच अंदाजाने कार्ब्युरेटर त्याला पेट्रोल पाजायचा. आमचे तिघांचे छान जमले होते.

आमचा मालक नछत्तर सिंग कालवा खात्यात होता. काठाकाठाने पाणी बघत फिरायचा आणि सुट्टीच्या दिवशी रॉकेलच्या फडक्याने मला पुसायचा. वीरपाल ही त्याची एकुलती एक मुलगी. लहान असताना ती एकदा उजव्या बाजूने उडी मारून उतरली आणि तिची पोटरी मला चिकटली. नछत्तरने तिचा पाय बादलीत धरून ठेवला आणि मला दटावले, "आंधळ्या, माझी पोर दिसली नाही तुला?" तसे पाहिले तर या मुलखात निम्म्या लोकांच्या उजव्या पोटरीवर आमची सही असते. पण मला कोणी असे रागावले नव्हते. मोठी झाल्यावर वीरपाल इतर बायकांसारखी डावीकडे पाय सोडून बसू लागली, आणि तिची माझी गाठ पडेनाशी झाली.

तिच्या लग्नात बेबे, म्हणजे जगसीरची आई, म्हणाली होती, "आम्हाला काही नको हो. फक्त जावई पायी फिरला तर तुमचीच शोभा जाईल." नछत्तर काय ते समजला. त्याने स्वतःची गाडी रंगवून दिली आणि आपण सायकल घेतली.

जगसीरला गाडी आवडली, पण आवाज आवडला नाही. "ही बोलत नाही, कण्हते," तो म्हणाला. गावाने दारे उघडून बघावे असे फटाके त्याला हवे होते. त्याने बाजारातून एक पोकळ नळी आणली, मला खोलले आणि भुशावर फेकले. त्या नळीच्या पोटात जाळी नाही, काही नाही. आत शिरेल ते तसेच बाहेर.

फटाके वाजले खरे. पण मग मूठ सोडली की गाडी धाडकन ठसकू लागली, हळू चालवली की अडखळू लागली, वळणावर बंद पडू लागली. एकदा तर बहिणीच्या सासरच्या दारात, वरातीसमोर बसली. लोक हसले. घरी येऊन जगसीरने काला मिस्त्रीला बोलावले.

कालाने प्लग काढून उन्हात धरला. "पांढरा फटक पडलाय, भाऊ. हवा जास्त, पेट्रोल कमी. ही नवी नळी..."

"नळीला काय झालं?" जगसीरने विचारले.

काला त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. गावातले सगळे ट्रॅक्टर जगसीरच्या चुलत्यांचे होते. "नळीला काय व्हायचंय? नळी झकास आहे. प्लगच हलका."

प्लग बदलला. मग टाकी रिकामी केली, पेट्रोल गाळले. कार्ब्युरेटर खोलून फुंकला. बेबेने हँडलला काळे फडके बांधले. प्रत्येक उपायानंतर गाडी फाटकापर्यंत जायची आणि ठसकायची, आणि प्रत्येक ठसक्याबरोबर घरातल्या सगळ्या माना वीरपालकडे वळायच्या.

"तुझ्या बापानं मोडीत काढायची ती आमच्या गळ्यात घातली."

"चहा कर. तेवढं तरी धड येतं का बघू."

शेवटी बेबेने ठरवून टाकले. गाडी सुधारेपर्यंत सुनेने माहेरी जायचे नाही. सुधारत नसेल तर बापाने नवी द्यावी. वीरपाल चुलीतली राख काढायला गेली.

मित्रांनो, मला तोंड असूनही बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. चांगली चालणारी गाडी अचानक बिघडली, तर सगळ्यांत शेवटी काय बदलले ते आधी बघा. घरातले सगळ्यांत गरीब माणूस शोधत बसू नका.

एका संध्याकाळी गाडी पुन्हा वाटेत बसली. जगसीर ती ढकलत आणि किका मारत, कशीबशी घरी घेऊन आला. नळी तापून निळी पडली होती. "इकडे ये," त्याने वीरपालला हाक मारली. "बापाची देणगी हात लावून बघ."

मी ढिगावरच होतो. मला सगळे दिसले. बेबेलाही दिसले, कारण ती तिथेच बसून लसूण सोलत होती. तिने मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी तिनेच फोनवर नछत्तरला सांगितले, "पोरगी वेंधळी आहे हो. बसताना सायलेन्सरला भाजून घेतलं."

नछत्तर बसने आला. एका हातात पान्यांची पिशवी, दुसऱ्या हातात पिन्नीच्या लाडवांचा डबा. त्याने सगळ्यांना हात जोडले, आणि मग मी त्याला दिसलो. त्याने मला खाली घेतले, आतला भुसा ठोकून काढला, नळी काढली आणि कडेला नवी कडी घालून मला जागच्या जागी बसवले. कालाही येऊन उभा राहिला होता. तो सगळा वेळ आपल्या चपलेकडे बघत होता.

एक किक. इंजिनाचा श्वास माझ्या पोटात शिरला आणि संथ, सारखी धडधड अंगणात पसरली. नछत्तरने गाडी फाटकापर्यंत नेली, वळवली, हळू केली. एकही ठसका नाही.

"बघा बेबे," त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "काही नव्हतं हो. उगाच माझ्या पोरीला बोल लागत होता. आता चार दिवस घेऊन जातो हिला."

कोणी हसले नाही. बेबेने डब्यातली पिन्नी फोडून बघितली. "चालायला लागली म्हणून जुनी गाडी नवी होते का, नछत्तर सिंगा?"

"उद्या काढून टाकीन हे डबडं," जगसीर म्हणाला.

"काढा, काढा," नछत्तर घाईने म्हणाला. "बिघडली की मी पुन्हा येऊन बसवून देईन. आपलंच आहे सगळं."

वीरपालने बापाला पाणी दिले. पेला घेताना तिची बाही वर सरकली. मनगटाच्या आतल्या बाजूला, नळीच्या गोलाईचा लांब डाग होता. नछत्तरने तो बघितला आणि लगेच नजर पेल्यात घातली.

"जपायचं ग, पोरी," तो म्हणाला. "सायलेन्सर तापलेला असतो. लहानपणीही तू अशीच..."

वीरपालने माझ्याकडे बघितले. मी अजून गरम होतो, टिकटिक करत निवत होतो.

"बापू," ती म्हणाली, "मी डावीकडे पाय सोडून बसते. सायलेन्सर उजवीकडे आहे. यांनी माझा हात धरून टेकवला."