आपल्या माणसांची गाडी

पेंटरने बोर्डावरच्या माणसाची डावी भुवई भरायला घेतली, तेव्हा लाडकी खाली उभी होती. डोक्यावरची सुक्या बोंबलांची टोपली तिने अजून उतरवलेली नव्हती.

तलासरीच्या बाजाराला ती दर आठवड्याला यायची. वरोरहून डहाणूपर्यंत एसटी आणि तिथून आशागडवरून हमरस्त्याकडे निघणारा एखादा ट्रक. गेल्या बाजाराला रस्त्याच्या कडेला दोन ताडांच्या मधे नुसता कोरा पत्रा उभा होता. आज त्यावर आकाशी रंगाची मोटार आली होती, झोपडीएवढी मोठी. मोटारीत कोट घातलेला एक माणूस, हात चाकावर. शेजारी बाई. मागच्या खिडकीतून हात बाहेर काढलेली फ्रॉकमधली पोर.

"बेन, जरा बाजूला व्हा. रंग पडेल," बांबूच्या परांचीवरून पेंटर म्हणाला. तो वलसाडचा होता.

लाडकी हलली नाही.

"हा कोण?"

"कोण असणार? गाडीचा मालक."

"नाव काय त्याचं?"

"नाव नसतं, बेन. जाहिरात आहे."

त्याच्या डाव्या हातात एक फोटो होता, त्यावर पेन्सिलीने चौकोन आखलेले. लाडकीने मागितला तसा त्याने खाली वाकून तो तिच्यासमोर धरला. फोटोतल्या माणसाची डावी भुवई मधोमध तुटलेली होती. ती खोच लाडकीच्या हातांना ठाऊक होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी होडीवरचा दोर सुटून नवऱ्याच्या, चिमणच्या कपाळावर बसला, तेव्हा तिनेच त्यात हळद दाबली होती.

बोर्डावरची भुवई मात्र सलग झाली होती.

"ही खोच का भरली?"

"कंपनीने सांगितलं. मालकाच्या तोंडावर जखम शोभत नाही."

लाडकीच्या मागे रखमी येऊन उभी राहिली होती. ती वरोरचीच, दोघी एकाच ट्रकने यायच्या. तिने एकदा बोर्डाकडे, एकदा लाडकीकडे पाहिलं आणि पेंटरला विचारलं, "मोटार आहे, तर ड्रायव्हर कुठाय?"

"तीच तर नवी युक्ती." पेंटरला बोलायला आवडत असावं. "आजवर मोटारीच्या जाहिरातीत काय असायचं? शेठ मागे आणि टोपीवाला ड्रायव्हर पुढे. ही कंपनी म्हणते, ड्रायव्हर दिसला की गाडी परक्याची वाटते. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, ह्या माणसाच्या जागी मी असेन, शेजारी माझी बायको. म्हणून खाली हे लिहायचं." त्याने खडूने आखलेल्या अक्षरांवर ब्रशची मागची बाजू फिरवली. "राजहंस. आपल्या माणसांची गाडी. इथं मराठीत. अच्छाडला हद्द झाली ना दोन वर्षांमागे, तिच्या पलीकडच्या बोर्डावर गुजरातीत."

चिमण मुंबईला मोटारींच्या दुकानात ड्रायव्हर होता. नव्या गाड्या गिऱ्हाइकांच्या दारी नेऊन दाखवायच्या, हे त्याचं काम. दर पंधरवड्याला तो घरी यायचा. लाडकीला एवढंच ठाऊक होतं, आणि आजपर्यंत तेवढं पुरत होतं.

ती निघणार तोच तिची नजर मोटारीच्या मागे गेली. चित्रातल्या पाण्यात वरोरचेच दोन काळे खडक होते, त्यांच्या मधे अरुंद वाट. भरतीला होड्या त्याच वाटेने आत घेतात. खडकांच्या उजवीकडे बोंबील टांगायच्या दोऱ्या असायला हव्यात आणि दोऱ्यांच्या मागे तिच्या घराचं दार. तिथे पिवळी स्वच्छ वाळू होती, बाकी काही नाही.

"मुंबईला गेलेला माणूस..." रखमीने वाक्य अर्ध्यावर सोडलं. "मी काही बोलत नाही, बाय."

तिच्या न बोलण्यानेच ही गोष्ट संध्याकाळपर्यंत वरोरभर झाली.

घरी पोचल्यावर लाडकीने टोपली ठेवली आणि ती सासूपाशी जाऊन बसली. बुधीबाई दोऱ्यांवरचे बोंबील उलटवत होती. गुडघे गेल्यापासून तिचा सगळा दिवस इथेच जायचा, हातात कावळे हाकायची काठी घेऊन. किनाऱ्यावर परकं कुत्रं फिरकलं तरी ती जेवताना सांगायची.

"आय, आपल्याकडे मोटार आली होती कधी?"

"मोटार?" बुधीबाईने मान वर केली नाही. "इथं मोटार कशाला येते?"

"वाळूवर. फोटो काढायला."

"मला नाही ठाऊक. तो बोंबील दे इकडे, ओला राहिलाय."

बोंबील खडखडीत वाळलेला होता. लाडकीने तो तिच्या हातात दिला आणि उठली. हिला ठाऊक आहे, हे तिला त्याच क्षणी कळलं. आणखी एक गोष्ट तिला घरात शिरता शिरता सुचली. मोटार आली असेल तर ती बाजाराच्या दिवशी आली असणार. लाडकी घरी नसते हे नेमकं ठाऊक असलेल्या माणसाने तो दिवस निवडला असणार. बाई आणि पोर घेऊन तो आपल्या दारापर्यंत आला, आणि आईने ते पाहिलं. मायलेकांचं आपसात ठरलेलं आहे.

त्यानंतरचे दिवस ती सासूशी कामापुरतंच बोलली. बुधीबाईनेही कारण विचारलं नाही, आणि तेच लाडकीला जास्त खुपलं.

शनिवारी चिमण आला. तो विहिरीवर आंघोळीला गेला तेव्हा लाडकीने त्याचा शर्ट खुंटीवरून काढला. खिसे उलटे केले, कॉलर नाकाशी नेली. एक कंगवा, आगगाडीचं तिकीट, आणि केसांच्या तेलाचा वास, जो नेहमीच यायचा. ट्रंकेच्या तळाशी घातलेला कागदसुद्धा तिने उचलून पाहिला. काही नव्हतं. काहीतरी सापडलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. ज्याला लपवायचं असतं तो खिशात कशाला ठेवेल?

जेवायला वाढताना ती म्हणाली, "तलासरीला तुमचं चित्र लागलंय."

चिमणचा हात भातातच थांबला. "असेल कुणी माझ्यासारखा."

"भुवईची खोच माझ्या डोळ्यांदेखत भरली त्यांनी."

चिमणने चुलीकडे पाहिलं. बुधीबाई निखाऱ्यावर बोंबील भाजत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"जाहिरात आहे ती," तो म्हणाला. "मुंबईहून एक नट आणला होता. त्याला वाळूत गाडी चालवता येईना, चाक रुतवून बसला. ऊन उतरायला लागलं तसा साहेब म्हणाला, तूच घाल कोट. अर्ध्या तासाचं काम."

"आणि बाई?"

"पैसे देऊन आणलेली. पोरसुद्धा तिची नाही, दुसऱ्याच कुणाची."

"नाव काय तिचं?"

"मी कशाला विचारू?"

हे सगळं खरं असू शकत होतं. लाडकीला ते जवळजवळ पटलंही. तिने त्याच्या ताटात आणखी आमटी वाढली आणि विचारलं, "कुठं काढला फोटो?"

"जुहूला."

"जुहूच्या पाण्यात आपले खडक आहेत?"

"समुद्र सगळीकडे सारखाच असतो."

काळोखात नुसत्या लाटेच्या आवाजावरून बापाची होडी त्या खडकांमधून आत आणणारा माणूस हे बोलत होता. लाडकीने आमटीचं भांडं खाली ठेवलं. रविवारी संध्याकाळची गाडी पकडणारा चिमण त्या रविवारी सकाळीच निघून गेला.

पुढच्या बाजाराला लाडकी टोपली भरत होती, तेव्हा बुधीबाई धुतलेलं लुगडं नेसून, काठी घेऊन दारात उभी राहिली.

"मी येते तलासरीला."

"गुडघ्यांचं काय?"

"गुडघे आहेत तसेच आहेत. येते मी."

ट्रकवाल्याने तिला पुढे आपल्या शेजारी बसवलं. मागे टोपल्यांमधे बसलेली लाडकी सगळी वाट एकच विचार करत होती. आपण काय काय बघितलं ते ताडून घ्यायला येते आहे ही. बोर्डावर कितपत उघडं पडलंय आणि कितपत झाकून नेता येईल, हे बघायला.

म्हणून तलासरीला उतरल्यावर तिने बोर्डाकडे पाहिलंच नाही. तिने सासूचं तोंड न्याहाळलं. त्या बाईवर नजर गेली की ते बदलेल, अशी तिची अटकळ होती.

बुधीबाई डोळ्यांवर हात धरून कितीतरी वेळ बघत राहिली.

"केवढा मोठा केलाय गो," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "हसतोय."

ती काठी टेकत रस्त्याकडेच्या उंचवट्यावर चढली, बोर्डाच्या अगदी जवळ गेली. काठी उचलून तिने तिचं टोक बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यातल्या पिवळ्या वाळूवर ठेवलं.

"मी इथं होते."

लाडकी तिच्या मागोमाग वर गेली.

"ह्या इथं दोऱ्या. आणि ही मी. सकाळी आले ते. चिमणच चालवत होता. मला लांबूनच दिसला. मी उठून उभीपण राहिले." बुधीबाईने काठी खाली घेतली. "साहेबानं नाक धरलं. म्हणाला, हे सगळं काढायला लाव. मग चिमण माझ्याकडं आला. म्हणाला, म्हातारे, दोऱ्या सोडाव्या लागतील. तासभर तिकडं सुरूच्या झाडांत जाऊन बस."

"म्हातारे म्हणाला?"

"म्हातारीच तर आहे मी."

"आय म्हटलं नाही?"

"साहेबानं त्याला विचारलं होतं ना, ओळखीची आहे का म्हणून. तो नाही म्हणाला."

"आणि तू गप्प राहिलीस?"

"त्यानं एकदा नाही म्हटलं होतं गो. मी हो म्हटलं असतं तर तो खोटा पडला असता. एवढ्या माणसांत."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. धूळ बसेपर्यंत दोघी थांबल्या. लाडकीला विचारायचं काही उरलं नव्हतं, पण बुधीबाईचं सांगून संपलं नव्हतं.

"ती बाई चांगली होती," ती म्हणाली. "मी उन्हात बसले होते, सुरूची सावली सरकली होती. ती छत्री घेऊन आली, पाणी हवं का विचारलं. मग चिमणला म्हणाली, ह्यांना घटकाभर गाडीत बसवू या का, सावली आहे. तर तो म्हणाला, नको. वास राहील."

लाडकीने सासूच्या लुगड्यावरची धूळ झटकली.

"ते खरंच होतं. नवी गाडी होती."

लाडकीने पहिल्यांदाच बोर्डावरच्या त्या बाईकडे नीट पाहिलं. इतके दिवस तिने त्या तोंडाला मनातल्या मनात नाही नाही ते म्हटलं होतं. बाई रस्त्याकडे पाहत नव्हती, चिमणकडेही नाही. तिची मान किंचित उजवीकडे वळलेली होती आणि नजर पत्र्याच्या कडेबाहेर, सुरूची झाडं असतात त्या बाजूला होती. पेंटरने ती फोटोत होती तशीच उतरवली होती.

"चिमण आला की त्याला काही बोलू नको," बुधीबाई म्हणाली.

सासूच्या दंडाला धरून लाडकीने तिला उंचवट्यावरून खाली आणलं. बोर्डाच्या सावलीत फडकं पसरलं आणि तिला त्यावर बसवलं. स्वतः उन्हाच्या बाजूला बसून तिने टोपली उघडली.

शेजारी रखमी केव्हाची मांडून बसली होती.

"काय गो बुधीबाय, तुझा चिमणच ना तो?"

बुधीबाईने पुन्हा एकदा मान वर करून पाहिलं.

"नाही गो," ती म्हणाली. "कुणी शेठ दिसतोय."

रखमीने लाडकीकडे पाहिलं. लाडकी बोंबलांच्या जुड्या लावत होती. तेवढ्यात डोंगराकडच्या पाड्यावरची जमना आली. ती तिचं नेहमीचं गिऱ्हाईक. तिने एक बोंबील उचलला, मोडून पाहिला, नाकाशी नेला.

"चांगले वाळलेत ह्या वेळी. कोणी वाळवले?"

"त्याच्या आयनं," लाडकी म्हणाली, आणि तिने हात वर करून बोर्डावरच्या कोटवाल्याकडे बोट दाखवलं. "ही बसली आहे ना, हिनं."

ती हे पलीकडच्या टोपल्यांपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. जमनाने वर पाहिलं, मग फडक्यावर बसलेल्या म्हातारीकडे पाहिलं आणि चेष्टा समजून ती हसू लागली. रखमी हसली नाही. बुधीबाईने पदर तोंडाशी नेला.

लाडकीने दोन जुड्या उचलून जमनाच्या ओच्यात घातल्या.