खुर्चीची काठी

मोजणीसाहेबांनी तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या आणि स्वतः मात्र सरकारी क्वार्टरमध्ये राहिले. दर तीन वर्षांनी बदली, दर बदलीला नवं घर. बाईंनी लावलेली रोपं फुलायच्या बेतात आली की दारात सामानाचा ट्रक हजर. अशी अकरा घरं झाली. प्रत्येक घर सोडताना साहेब बायकोला एकच सांगायचे, "एकदा आपलं घर होऊ दे. अंगणात खुर्ची टाकून निवांत चहा पीत बस. कोणी उठवणार नाही तुला." साहेबांनी हे अकरा वेळा सांगितलं आणि अकराही वेळा विसरले. बाई एकदाही विसरल्या नाहीत.

निवृत्तीनंतर घर झालं. तळमजल्यावर दोन खोल्या, आणि मागे नऊ फूट बाय अकरा फुटांचं अंगण. ट्रकमधलं सामान अर्धंही उतरलं नव्हतं, तेवढ्यात बाईंनी वेताची खुर्ची अंगणात नेली आणि पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून ठेवली. तिथे सकाळचं ऊन थेट तोंडावर यायचं, दुपारी भिंतीची सावली पडायची आणि वारा अडायचा. चहाचा कप घेऊन बाई तिथे आठवडाभर रोज बसल्या. आठवडाभरच, कारण तोवर साहेबांना नाद लागला नव्हता.

झालं असं, की कुठल्याशा प्रदर्शनात साहेबांनी ताटलीएवढ्या कुंडीत वीतभर उंचीचा जपानी मेपल पाहिला. वय लिहिलं होतं पस्तीस वर्षं. लाल, झिरझिरीत पानं, आणि बुंधा थेट मोठ्या झाडासारखा. आयुष्यभर एकरांत विचार केलेल्या माणसाला इंचात मावणारं जंगल दिसलं आणि तो घायाळ झाला. घरी येऊन त्यांनी आलेखाचा कागद काढला, पेन्सिलीला टोक केलं आणि दोन दिवसांत अंगणाचा नकाशा तयार केला. त्यात दोन बुटके मेपल होते, दोन बुटके पाइन, एक स्प्रूस, एक सायप्रस आणि एक जमिनीलगत पसरणारा ज्युनिपर. एकूण सात झाडं, मेपल सोडून बाकी सगळी सूचिपर्णी. नकाशाच्या कडेला उत्तर दिशेचा बाणही होता. नऊ फुटांच्या अंगणात उत्तर शोधायची वेळ कोणावर येणार होती कोण जाणे.

"खुर्ची?" बाईंनी विचारलं.

"दाखवलीय की," साहेब म्हणाले आणि पश्चिमेच्या भिंतीच्या कोपऱ्यात एक चौकोन काढला.

शहराबाहेर उतारावर एक नर्सरी होती. तिची मालकीण साठीची, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेली, नखांत कायम माती. तिचा एक नियम होता, आणि त्यापायी तिचं निम्मं गिऱ्हाईक पळून गेलेलं होतं. पहिल्या दिवशी ती झाड विकायचीच नाही.

साहेब बाईंना घेऊन तिथे गेले आणि त्यांनी एका स्प्रूसच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. "साडेतीन फूट लिहिलंय. हा बसतो आमच्या नकाशात."

"ती दहाव्या वर्षाची उंची," मालकीण म्हणाली. "दहा वर्षांनी झाड रिटायर होतं, असं वाटलं का तुम्हाला?"

चार महिन्यांपूर्वीच निवृत्त झालेल्या साहेबांना हे जरा लागलं.

"बुटकं म्हणजे न वाढणारं नव्हे, साहेब. हळू वाढणारं. लोक बुटकं म्हणून खिडकीखाली लावतात आणि पंधरा वर्षांनी कुऱ्हाड शोधत फिरतात. आमच्याकडे आधी काठी न्यायची."

काठी म्हणजे बांबूची काठी. वीस वर्षांनी झाड जेवढं उंच होईल तिथे कापडाची चिंधी बांधलेली, आणि जेवढं रुंद होईल तेवढं तारेचं कडं तिच्यात अडकवलेलं. ती आठ दिवस अंगणात रोवायची, तिच्याभोवती वावरायचं, काठ्यांच्या जागा नकाशावर मांडायच्या आणि नकाशा घेऊन परत यायचं. मग झाड.

साहेबांना मालकिणीचा हात हातात घ्यावासा वाटला. उभ्या आयुष्यात त्यांना इतकी शिस्तीची बाई भेटली नव्हती, म्हणजे घरची सोडून.

"मेपलला जागा कशी लागते?" त्यांनी वही काढली.

मालकिणीने बोटांवर मोजत सांगितलं, "सकाळचं ऊन. दुपारी सावली. वाऱ्याला आडोसा. पायाशी गारवा हवा, पण पाणी तुंबलेलं नको. आणि एकदा बसला की सारखं उठवायचं नाही."

"मलाही अगदी हेच लागतं," बाई म्हणाल्या.

मालकिणीने चष्म्यावरून बाईंकडे पाहिलं. साहेब 'उठवायचं नाही' खाली रेघ मारत होते, त्यामुळे त्यांच्या कानावर काही पडलं नाही.

सात काठ्या घेऊन दोघं बसमध्ये चढले. तारेच्या कड्यात एका प्रवाशाची पिशवी अडकली, दुसऱ्याची टोपी. कंडक्टरने विचारलं, "हे काय आहे?" साहेबांनी सांगितलं, "बाग आहे." कंडक्टरने पुढे काही विचारलं नाही.

पहिला मेपल, म्हणजे त्याची काठी, तीन फूट उंच आणि पाच फूट रुंद. तो अर्थातच पश्चिमेच्या भिंतीला गेला, कारण ऊन, सावली आणि आडोसा असलेली अंगणात तेवढी एकच जागा होती. "तू जरा नळाकडे सरक," साहेब म्हणाले. बाई नळाकडे सरकल्या. साहेबांनी नकाशावरचा चौकोन खोडून नळाशी काढला.

दुसऱ्या दिवशी नळाशी सायप्रस आला. बाई धुण्याच्या दगडाशेजारी सरकल्या. तिसऱ्या दिवशी तिथे पाइनचं कडं पोचलं. बाई गटाराच्या जाळीपाशी गेल्या. दर वेळी साहेब खोडरबर चालवायचे आणि कागदावरची भुकटी फुंकून टाकायचे.

बाकी घरात मात्र झाडं उगवल्याच्या थाटात कारभार सुरू झाला होता. शेजारचे बँकवाले वर्तमानपत्र मागायला मागच्या दाराने आले आणि सरळ चालत सुटले.

"अहो, पाइनमधून चाललात तुम्ही," साहेब ओरडले.

बँकवाले बिचारे दोन पावलं मागे गेले, पाइनला वळसा घालून आले आणि वर्तमानपत्र न मागताच परतले. जाताना ते ज्युनिपर तुडवून गेले, पण ते साहेबांना कोणी सांगितलं नाही.

एका सकाळी स्प्रूसच्या काठीवर ओला टॉवेल दिसला.

"अगं, स्प्रूसवर टॉवेल?"

"स्प्रूस अजून यायचाय," बाई आतून म्हणाल्या. "टॉवेल आलाय."

सहाव्या दिवशी अंगणातून खुर्ची नाहीशी झाली. साहेबांच्या ते लक्षात आलं, नाही असं नाही. त्यांनी टेप लावून पाहिला आणि समाधानाने वहीत लिहिलं, 'गटाराजवळ दोन फूट मोकळे. दुसरा मेपल येथे?'

नवव्या दिवशी ते नकाशा घेऊन नर्सरीत हजर झाले. मालकिणीने नकाशा टेबलावर पसरला, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ती कागदावर बोट फिरवत गेली. साहेब शाबासकीची वाट पाहत उभे होते.

"इथे काहीतरी खोडलंय," ती म्हणाली. "इथेही. इथे. आणि इथेही."

"ती खुर्ची. ती काय, हलती वस्तू आहे."

"कोणाची?"

"मिसेसची."

"मग शेवटी कुठे ठेवलीत?"

साहेबांनी नकाशावर बोट नेलं आणि ते बोट तसंच राहिलं. खोडलेले चार चौकोन कागदावर पुसट दिसत होते. भिंतीपासून नळ, नळापासून दगड, दगडापासून गटार. असे नकाशे त्यांनी तेहतीस वर्षांत शेकड्याने पाहिले होते. एक जण दरसाल आपलं कुंपण हातभर पुढे सरकवतो. दुसरा म्हणतो जाऊ दे, कशाला भांडण. शेवटी तो गप्प राहणारा माणूस गटाराच्या कडेला उभा असतो, आणि मग कोणीतरी मोजणीसाठी अर्ज करतो. अशा नकाशावर साहेब स्वतः लाल शाईने अतिक्रमण असा शब्द लिहायचे. सरकवणारा प्रत्येक जण त्यांना हेच सांगायचा, की समोरच्याची काही तक्रार नव्हती.

इथे तर अर्जही आलेला नव्हता.

"तिची काठी कुठंय?" मालकिणीने विचारलं.

"खुर्चीची काठी कुठे असते?"

"ज्याला जागा लागते त्याची काठी असते." तिने मागच्या ढिगातून एक कोरी काठी आणि तारेचं कडं काढून त्यांच्या हातात दिलं. "मोजून आणा. तोवर झाड मिळणार नाही."

साहेब घरी आले तेव्हा बाई घरातल्या अरुंद बोळात बसल्या होत्या. वेताची खुर्ची चपलांचं कपाट आणि फ्रिज यांच्या मध्ये घुसवलेली. समोर भिंत, भिंतीवर विजेचा मीटर. बाई मीटरकडे बघत चहा पीत होत्या आणि चेहऱ्यावर रागबिग काही नव्हता. साहेबांना लाज वाटली. तीन दिवस ते या खुर्चीला वळसा घालून फ्रिज उघडत होते. पाइनला घालतात तसाच वळसा, फक्त पाइनची त्यांना जास्त काळजी होती.

त्यांनी अंगणात जाऊन मेपलची काठी उपटली. मग खुर्ची उचलून नेली आणि पश्चिमेच्या भिंतीला लावली.

"बस," ते म्हणाले.

"कशाला?"

"मोजायचंय."

"मला? आता? लग्नाच्या चौतीस वर्षांनी?"

पण बाई बसल्या. साहेबांनी टेप काढला. बसल्यावर उंची तीन फूट अकरा इंच. कोपरापासून कोपरापर्यंत दोन फूट एक. कपाचा हात बाजूला नेला की आणखी एक फूट.

"पाय लांब करतेस का बसल्यावर?"

"करायचे होते," बाई म्हणाल्या. "अकरा घरांत तेवढी जागा कुठे होती?"

साहेबांनी पुढे चार फूट धरले. मग जरा थांबून साडेचार केले. काठीला चिंधी बांधली, कडं अडकवलं आणि चिठ्ठी लिहायला घेतली. मालकिणीच्या काठ्यांवरच्या प्रत्येक चिठ्ठीवर असतं तसं त्यांनी सवयीने लिहिलं, 'वीस वर्षांनी', आणि पुढे पेन्सिल हलेना. बाई पंचावन्नच्या होत्या, ते स्वतः अठ्ठावन्नचे. ही बेरीज त्यांनी सात झाडं काढताना एकदाही केली नव्हती.

बाईंनी वाकून चिठ्ठी वाचली. "वीस वर्षांचं झाडांचं लिहा हो. माझं आजचं लिहा."

साहेबांनी खोडून 'आज' असं लिहिलं. खोडरबर पहिल्यांदाच योग्य जागी चालला होता.

"आता टेप द्या इकडे," बाई उठल्या. "तुम्ही बसा."

"मी कशाला?"

"तुमची काठी कुठंय? सात झाडं लावणार होतात, त्यात तुम्ही कुठे बसणार होतात?"

साहेबांनी नकाशा उलगडून पाहिला. खरंच की. ते कुठेच नव्हते. बहुधा वीस वर्षं उभ्याने झाडं मोजायचा त्यांचा बेत असावा.

बाईंनी त्यांना स्टुलावर बसवून मोजलं. उंचीला काही अडचण आली नाही, पण घेराला नर्सरीचं कोणतंही छोटं कडं पुरेना. शेवटी वीस वर्षांच्या पाइनचं कडं बरोबर बसलं. "हे बुटकं झाड वेळेआधीच वाढलंय," बाई म्हणाल्या आणि त्या हसल्या, तेव्हा कुठे साहेबांचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी दोघं नर्सरीत गेले. मालकिणीने नवा नकाशा पाहिला. भिंतीला दोन चौकोन शेजारी शेजारी, शाईने काढलेले. समोरच्या कोपऱ्यात वर्षाला जेमतेम इंचभर वाढणारा एक सायप्रस. बाकी जागा पाय लांब करायला.

"मेपल राहिला," साहेब हळूच म्हणाले. आशा सुटता सुटत नव्हती.

"मेपल मांडीवर न्या," मालकीण म्हणाली आणि आतून एक कुंडी घेऊन आली. पसरट कुंडीत वीतभर मेपल, लाल पानांचा, बुंध्याला छोटासा बाक. "खुर्च्यांच्या मध्ये स्टुलावर ठेवा. तुम्हाला जे लागतं तेच त्याला लागतं. फक्त एक करावं लागेल. दर तीन वर्षांनी त्याला मुळासकट बाहेर काढायचं, मुळं थोडी छाटायची आणि नव्या मातीत बसवायचं."

"दर तीन वर्षांनी?" बाईंनी विचारलं.

"हो. लोक घाबरतात. पण मरत नाही तो. नीट जगतो."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या.

त्यांनी कुंडी दोन्ही हातांनी उचलून घेतली. साहेबांचा हात खिशातल्या टेपकडे गेला होता, तो त्यांनी रिकामाच बाहेर काढला आणि बाईंच्या खांद्यावरची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली. बसमध्ये कंडक्टरने ओळखलं आणि कुंडीकडे बघून विचारलं, एवढीच राहिली का बाग. साहेबांनी दोन तिकिटं मागितली. बाईंनी कुंडी मांडीवर घेतली ती घर येईपर्यंत कोणाकडे दिली नाही.